सोमवारची सुट्टी, ज्योतिबाचा डोंगर

रविवार, रात्र

कोल्हापूरच्या उद्यमनगरला सुट्टी सोमवारी असते. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून हसतात आणि मग सोमवारीच कसलातरी स्पेअर पार्ट आणायला जाऊन बंद शटर बघून परत येतात. आमच्या घरी त्यामुळे आठवडा मंगळवारी सुरू होतो. ह्यांचं वर्कशॉप तिथं आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, हाताखाली दोन पोरं. मी शाळेत. दोघांच्या सुट्टीचा मेळ बसायचा तर एखादा सण सोमवारी यायला हवा, नाहीतर मी किरकोळ रजा टाकायला हवी. या वेळी रजा टाकली.

पौष चालू आहे. लग्नं नाहीत, बारशी नाहीत, कुणाच्या घरभरणीचं आमंत्रण नाही. थंडीही बऱ्यापैकी पडलीय. ज्योतिबाला चालत जायचं तर याच दिवसांत. माघ लागला की खेटे सुरू होतात. माघातल्या रविवारी माणसं पंचगंगेच्या घाटावरून निघून वडणगे, निगवे, कुशिरे करत अनवाणी डोंगर चढतात. हिमालयाकडं परत निघालेल्या ज्योतिबाला थांबवायला अंबाबाई करवीरातून, म्हणजे कोल्हापुरातून, अनवाणी गेली, ती ही वाट, असं सांगतात. खेट्यांत चालायची मजा आहेच, पण तेव्हा पुढच्याच्या पाठीपलीकडं काही दिसत नाही. चैत्रात तर विचारूच नका. मला डोंगर बघायचा होता.

हे म्हणाले, "अगं, गाडीनं अर्ध्या तासात दारात पोचतोय की. चालत कशाला?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

एवढ्यावर बोलणं संपलं. रात्री भाकरी थापून ठेवल्या, सकाळी त्या अजून मऊ लागतात. वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, कांदे, मिरचीचा खर्डा. दही नेऊ नका, सांडतं, असं मी म्हटलं. तरी ह्यांनी स्टीलच्या फिरकीच्या डब्यात दही भरलं आणि झाकणाला वॉशर बसतोय का ते बघितलं.

सोमवार, सकाळ

साडेसहाला निघालो. पंचगंगेवर धुकं असं बसलं होतं की नव्या पुलावरून शेजारचा संस्थानकाळातला शिवाजी पूल दिसेना, नुसत्या कमानींच्या वरच्या कडा. पुलाच्या अलीकडं ब्रह्मपुरीचं टेकाड. १९४०च्या दशकात इथं उत्खनन झालं तेव्हा सातवाहनांच्या काळची वस्ती निघाली. रोमन व्यापारातून आलेला समुद्रदेव पोसायडनचा काशाचा लहानसा पुतळाही इथलाच, तो आता टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. शाळेची सहल दरवर्षी तिथं जाते आणि पोरं त्या पुतळ्यापुढून सरळ तलवारींकडं पळतात.

वडणग्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, वर ऊस भरलेला, मागं लाल कापड लोंबतंय आणि टेपवर मोठ्यानं गाणं. हंगामात या रस्त्याला स्कूटर चालवायची म्हणजे ट्रॉलीमागून पंधराच्या वेगानं जायची तयारी ठेवायची. ओव्हरटेक करायचा नाही. ऊस कुठल्या बाजूनं झुकलाय ते धुक्यात कळत नाही.

कुशिऱ्यात माझ्या नणंदेचं सासर. अंगणात गाडी लावली. वन्सं मागच्या दारी चुलीवर पाणी तापवत होत्या. चहा झाला, पोहे नको नको म्हणताना झाले. त्यांच्या सासूबाईंनी ह्यांच्या पायातले बूट बघितले, पाठीवरची सॅक बघितली आणि विचारलं, "गाडी बंद पडली काय रं?"

"नाही मावशी, चालत जातोय."

"नवस हाय?"

"नाही."

त्या गप्प बसल्या. नवस नाही, खेटा नाही, पोरगं आजारी नाही, आणि दोघं धडधाकट माणसं रस्ता सोडून डोंगर चढतायत, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. जाताना हातात दोन पेरू दिले.

गावाबाहेर आलो आणि धुकं वर उचललं गेलं तेव्हा डोंगर एकदम समोर आला. पायथ्यापासून निमुळता होत गेलेला आणि वर कुणीतरी करवतीनं सपाट कापून टाकल्यागत. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या थोडा वर, पण आपण मुळातच उंचावर राहतो, तेव्हा चढायचे ते हजारभर फूट. सह्याद्रीतल्या माणसाला हा डोंगर म्हणजे टेकडीच. पश्चिमेकडून पन्हाळ्याची जी सोंड येते तिचंच हे टोक, मध्ये गिरोलीची खिंड पडल्यामुळं सुटं वाटतं.

थेट पायऱ्यांना लागलो नाही. आधी पोहाळ्याच्या अंगाला गेलो, लेण्यांसाठी. कोल्हापुरात जन्मलेल्या दहा जणांना विचारा, दोघांनी नाव ऐकलेलं असतं आणि बघितलेलं कुणी नसतं. ह्यांनीही बघितलेलं नव्हतं. वाट उसातून जाते, मग शाळूच्या रानातून, मग माळ. शाळू पोटरीत आलेला. दव इतकं होतं की माझी सलवार गुडघ्यापर्यंत ओली झाली.

लेणी म्हटलं की अजिंठा-वेरूळ डोक्यात येतं, ते काढून टाकून इथं यावं. चित्र नाही, शिल्प नाही म्हटलं तरी चालेल. डोंगराच्या काळ्या खडकात कोरलेला चौकोनी मंडप, ओबडधोबड खांब, कडेनं भिक्खूंच्या राहायच्या लहान लहान खोल्या आणि स्तूप. बौद्ध भिक्खूंची पावसाळ्यातली राहायची जागा. ब्रह्मपुरीला बाजार भरत होता, कोकणातून घाट चढून माल येत होता, आणि त्या वाटांच्या कडेला असे मठ होते. आज सकाळी गाडीवरून आलो ते अंतर त्यांनाही रोजच्या भिक्षेपलीकडचं नसेल.

मी दारात बसून पाणी प्यायले. हे आत गेले ते बाहेरच येईनात. बघते तर मोबाइलची बॅटरी भिंतीला तिरपी लावून उभे. सरळ उजेडात भिंत नुसती खडबडीत दिसते, पण उजेड तिरका पाडला की टाकीचा एकेक घाव सुटा होतो. बोटभर लांबीच्या खाचा, एकाखाली एक, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. हे त्यांवरून बोट फिरवत होते.

"हे बघ. इथपर्यंत एक माणूस. इथून दुसरा. ह्याचा हात हलका आहे, घाव जवळजवळ आहेत. पहिला घाईतला."

छताकडं गेले. तिथले घाव आखूड, आणि दिशा बदललेली. आधी वर कोरत आत शिरायचं आणि मग खाली उतरायचं, म्हणजे परांचीची गरजच नाही, खालचा खडकच उभं राहायला असतो. हे मलाही माहीत होतं, पुस्तकातून. ह्यांनी ते खाचा बघून सांगितलं. मग खांबाशी थांबले. एक खांब दुसऱ्यापेक्षा जरा बारीक, डोळ्याला कळेल इतका.

"लेथवर जास्त कापलं गेलं की जॉब भंगारात," हे म्हणाले. "इथं भंगारात टाकायची सोय नाही. डोंगरच जॉब."

मग ते त्या बारीक खांबापाशी बराच वेळ होते. मी हाका मारल्या. बाहेर ऊन आलं होतं आणि वटवाघळांचा वास मला सोसत नाही. जाणाऱ्यांसाठी एवढंच, की बॅटरी न्या, आणि भिंतीवर बदाम कोरून नाव लिहिणाऱ्यांपैकी कुणी ओळखीचं असेल तर त्याला घरी बोलावून चार शब्द सुनवा.

चढ

लेण्यांवरून परत पायवाटेला लागेपर्यंत नऊ वाजून गेले. इथून खरा चढ. पावसाळ्यात हा उतार हिरवागार असतो आणि लोक फोटो काढतात. जानेवारीत गवत वाळून पिवळं झालेलं, वाऱ्याबरोबर सळसळ वाजत असतं, आणि फोटो कुणी काढत नाही. मला हे रूप जास्त आवडतं. हिरवळीखाली सगळं एकसारखं दिसतं, आता डोंगराचा सांगाडा कळतो. काळ्या खडकाचे आडवे थर, एकावर एक, मध्ये मऊ मातीचे पट्टे. लाव्हाचा एक लोट, मग मधला काळ, मग दुसरा लोट. सातवीच्या पुस्तकात दख्खनच्या पठाराचा आडवा छेद काढून दाखवतात, तो इथं उभा आहे आणि कुणी पोरांना आणत नाही.

घाणेरीची जाळी, करवंदीची जाळी, मध्येच निलगिरी. बुलबुल होते, तारेवर वेडे राघू ओळीनं बसलेले. एक नीळकंठ उडाला तेव्हा पंखांची निळाई इतकी लख्ख दिसली की हे पहिल्यांदा काही न मोजता थांबले.

वाळल्या गवतातून चालायची किंमत म्हणजे कुसळं. पंधरा मिनिटांत माझे मोजे भरले. एका कातळावर बसून काढायला घेतली. नुसती ओढून निघत नाहीत. टोकाशी बी टोकदार, त्यावर मागे वळलेले बारीक केस, त्यामुळं आत जातं पण बाहेर येत नाही. मागं बोटभर लांब शेपूट, आणि ती दोरीसारखी पिळलेली. मी एक तळहातावर घेतलं आणि बाटलीतल्या पाण्याचा थेंब टाकला. क्षणभर काही नाही. मग शेपटीचा पीळ उलगडायला लागला, सावकाश, आणि बी तळहातावर गोल फिरलं. ओल आली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि त्या फिरण्यातनं बी स्वतःच जमिनीत शिरतं. आज दवानं ओल्या झालेल्या माझ्या मोज्यात ते हेच करत होतं. ह्यांनी आणखी पाच-सहा कुसळांवर पाणी टाकून बघितलं. पिण्याचं पाणी होतं ते.

बरोबर चालायचं असं ठरवून आम्ही कधी बरोबर चालत नाही. हे पुढं सुटतात, मग वळणावर थांबून मागं बघतात, मी पोचले की लगेच निघतात. म्हणजे ह्यांची विश्रांती होते आणि माझी होत नाही. लग्नापासून हे चालू आहे. आज मी एक युक्ती केली. पेरू माझ्या पिशवीत होते.

गायमुखाशी पोचलो तेव्हा तिथं आमच्याखेरीज एक म्हातारी होती. शेजारी टोपल्यात बोरं, आवळे आणि हरभऱ्याचे डहाळे. हे तेच ठिकाण जिथं चैत्र यात्रेत अन्नछत्राचे मंडप पडतात आणि चालत येणाऱ्यांना बसायला तसूभर जागा मिळत नाही. आता तळ्याकाठी धोबी पक्षी शेपटी हलवत होता, बाकी सामसूम.

"सोमवारचं कोण येतंय?" मी म्हातारीला विचारलं.

"कोण न्हाई. तुमीच." डहाळ्याची जुडी झाडत ती म्हणाली. "पर घरात बसून काय करू? मी रोज येतो बगा. सकाळी येतो, दुपारी जातो. सुनंला बी बरं वाटतंय, मला बी."

दहा रुपयांचा डहाळा घेतला. तिनं वर मूठभर बोरं घातली. ओला हरभरा सोलताना बोटांना आंबट लागतो, ती चव मला दाण्यापेक्षा जास्त आवडते. म्हातारीनं ह्यांच्याकडं बघितलं. "मालक दमल्यात वाटतं."

मालक दमले नव्हते. मालक पेरूची वाट बघत होते.

माथा

गायमुखानंतर पायऱ्या. दगडी, रुंद, मध्ये मध्ये झिजून बशी झालेल्या. त्या चढताना बोलायचं नाही हा आमचा जुना करार आहे, कारण बोललं की मी चिडते. अर्ध्यावर वळून बघितलं. धुकं पूर्ण गेलं होतं. खाली प्रयाग चिखलीकडं कासारी आणि भोगावतीचं पाणी एक होतं तो पट्टा चकाकत होता, पुढं पंचगंगेची वळणं, दोन्ही काठांना ऊस आणि नुसता ऊस. कुंभी आणि तुळशी त्याआधीच भोगावतीत येऊन मिळालेल्या असतात, पाचवी सरस्वती गुप्त. आणि त्या सगळ्या हिरव्यात जागोजागी पांढऱ्या धुराचे खांब उभे. गुऱ्हाळं. वारा पडलेला होता, त्यामुळं धूर सरळ वर. आग्नेयेला कोल्हापूर, त्यावर मात्र मळकट थर.

हे म्हणाले, "तो थर आपलाच." उद्यमनगरच्या आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांचा, असं त्यांना म्हणायचं होतं. मी म्हटलं, आज सोमवार आहे. तेव्हा म्हणाले, मग गाड्यांचा.

वाडी रत्नागिरीत, म्हणजे ज्योतिबाच्या गावात, शिरलं की सगळ्यात आधी रंग लागतो. भिंतींना गुलाल, पायऱ्यांना गुलाल, कुत्र्यांच्या पाठीला गुलाल. दुकानदार सोमवारच्या निवांतपणात खोबऱ्याच्या वाट्या रचत बसले होते. कुणी हाक मारत नव्हतं. "या ताई, या दादा" करून ओढणारं कुणी नाही, म्हणून मी आपणहून एका दुकानात गेले आणि गुलाल-खोबरं घेतलं.

मंदिरं तीन, शेजारी शेजारी, आणि तिन्ही याच डोंगराच्या काळ्या दगडाची. मुख्य केदारलिंगाचं, म्हणजे ज्योतिबाचं, मूळ छोटं देऊळ कऱ्हाडजवळच्या किवळच्या नावजी साया यांनी बांधलेलं. त्या जागी आत्ताचं देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी उभं केलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हे कुलदैवत, म्हणून तिथल्या पैशातून इथला दगड घडला. शेजारचं केदारेश्वराचं दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये बांधलं. दोहोंच्या मध्ये चोपडाईचं स्थान आहे, ते १७५० मध्ये प्रीतिराव हिंमतबहाद्दरांनी बांधलेलं. तिसरं देऊळ रामलिंगाचं, १७८० चं.

दर्शनाला पाच मिनिटं लागली. रविवारी रांगेत तीन तास उभं राहिलेल्यांनी ही ओळ वाचू नये. मूर्ती चतुर्भुज, काळी, हातांत खड्ग, डमरू, त्रिशूळ, अमृतपात्र. देव दक्षिणेकडं तोंड करून आहे, म्हणजे करवीराकडं, अंबाबाईकडं. "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं" माझ्या तोंडून निघालं ते इतक्या मोकळ्या गाभाऱ्यात मलाच मोठं वाटलं. गुरवांनी गुलाल लावला, ह्यांना जरा जास्तच.

मी यमाईकडं जाऊन येते म्हटलं तर हे केदारेश्वराच्या देवळात रमलेले. आतला मंडप खांबांशिवाय उभा आहे. एकही खांब नाही, वर दगडाचं छत. लेण्यात खांब मुद्दाम कोरलेले, जिथं खडक अखंड होता आणि खांबांवाचून चाललं असतं. इथं सुटे दगड एकावर एक, जिथं खांब पाहिजेच असं वाटतं, आणि नाही. ह्यांनी हे बोलून दाखवलं आणि वर बघत राहिले. मान दुखेल म्हटलं, तर ऐकू गेलं नाही.

मी मग भिंतीकडं बघत बसले. घडीव दगडाच्या सांध्यांत, नक्षीच्या खोबणीत, टाकीच्या बारीक रेघांत गुलाल मुरलाय. पावसानं वरचा धुतला जातो, खोबणीतला राहतो. त्यामुळं सकाळी बॅटरी तिरकी धरून जे बघावं लागलं ते इथं उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. प्रत्येक घाव गुलाबी रेघेनं आखलेला. मी ह्यांना दाखवलं. खाली बसून बघितलं आणि म्हणाले, "बघितलंस, इथं दोन टाक्या वापरल्यात. आधी जाड, मग पातळ."

यमाईच्या देवळासमोर दोन कुंडं आहेत. एक १७४३च्या सुमारास जिजाबाईसाहेबांनी बांधलेलं, दुसरं जमदग्नी तीर्थ, राणोजी शिंद्यांचं. जिजाबाई म्हणजे करवीरच्या छत्रपती दुसऱ्या संभाजींची राणी, जिनं पतीमागं राज्य सांभाळलं. चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाची पालखी यमाईच्या भेटीला इथवर येते, सासनकाठ्या नाचवत. पहिल्या मानाची काठी साताऱ्याकडच्या पाडळीची. त्या दिवशी या उतारावर गुलालात माणूस माणसाला ओळखत नाही. आज एक शेळी कुंडाच्या कठड्यावर उभी राहून करवंदीची पानं खात होती.

पश्चिमेला पन्हाळा. इथून तो डोंगर लांबुळका दिसतो, पुसाटी बुरुजाच्या टोकापासून पावनगडापर्यंत. १६६० च्या उन्हाळ्यात सिद्दी जौहरचा वेढा याच सगळ्या रानात पसरला होता. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे, तेव्हापासून रविवारी तिकडची गर्दी आणखी वाढली असं ऐकते. आम्ही सोमवारवाले, आम्हाला काय फरक पडतो.

यमाईच्या बाजूला सावली बघून जेवलो. भाकरी, भरीत, खर्डा, कांदा बुक्कीनं फोडलेला. दही सांडलं नव्हतं. हे त्याबद्दल काही बोलले नाहीत, फक्त डबा माझ्यासमोर उलटा धरून दाखवला.

उतार

दोनला निघालो. उतरताना गुडघे बोलतात, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. म्हातारी गायमुखावरून गेलेली होती. चारच्या आत कुशिऱ्यात.

वन्संच्या दिरांचं गुऱ्हाळ गावाबाहेर चालू होतं. जाऊन आलाच पाहिजे असा आग्रह. लांबूनच वास येतो, गोड आणि जरा जळकट. आधी घाण्याशी रस प्यायलो. आलं-लिंबू घातलेला नव्हे, नुसता, आणि थंडीतला. मग आत.

चुलवाणाच्या तोंडाशी एक माणूस सतत वाळलं चिपाड आत ढकलत होता. त्याला जळव्या म्हणतात, आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही, बघतात ते गुळव्याकडं. पण आच त्याच्या हातात. काहिलीत रस उकळत होता. भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घातलेलं, त्यामुळं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. रंग हिरवट करडा, मग पिवळा, मग तांबूस. फुगे आधी लहान आणि पुष्कळ, नंतर मोठे आणि सावकाश फुटणारे. गुळव्या काही बोलत नव्हता. मध्येच फावड्याचं टोक बुडवून वर धरायचा आणि तार कशी पडते ते बघायचा.

ह्यांनी विचारलं, किती डिग्रीला उतरवता?

गुळव्यानं ह्यांच्याकडं बघितलं, गुलालाकडं बघितलं. "आलं की उतरायचं."

दीर हसले. शिकलेले आहेत ते, म्हणाले, एकशे पाच-सहाला काकवी काढतो, गूळ एकशे अठराच्या आसपास. मीटर आणला होता, लावलाही होता. गुळव्या त्याच्याकडं बघत नाही. ह्यांचा एकदम उत्साह वाढला, कुठला मीटर, कसला सेन्सर, किती सेकंदांनी आकडा दाखवतो. तेवढ्यात गुळव्यानं थंड पाण्याच्या भांड्यात पाकाचा थेंब सोडला, बोटांनी गोळी वळली, भांड्याच्या काठावर आपटली. टक्क वाजलं. त्यानं मान हलवली आणि चौघांनी काहील उचलून वाफ्यात ओतली. मीटर कुठं होता कुणास ठाऊक.

वाफ्यात फावड्यानं घोटणं चालू झालं, कडेनं मध्ये, कडेनं मध्ये. जरा निवला की कापड घातलेल्या साच्यांत. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तीही गुळाच्या व्यापाराला जागा म्हणून. पण दीर सांगत होते ते वेगळंच. ऊस कारखान्याला घालणं सोपं, पैसे बँकेत येतात. गुऱ्हाळाला माणसं मिळत नाहीत, गुळव्या मिळणं तर त्याहून अवघड. त्यांच्या लहानपणी या शिवारात जिकडं बघावं तिकडं धूर असायचा. सकाळी वरून आम्ही जे धुराचे खांब बघितले त्यांची संख्या मला पुष्कळ वाटली होती.

काकवीची बाटली आणि गुळाचा एक लहान रवा घेतला. पैसे घेईनात. मग वन्संच्या पोरीच्या हातावर ठेवले, तिनं लगेच घेतले.

पुलावर आलो तेव्हा दिवे लागले होते. ह्यांच्या कपाळावर गुलाल तसाच. सिग्नलला शेजारच्या गाडीवरच्या माणसानं विचारलं, "ज्योतिबा काय?" हे म्हणाले, "चालत." त्या माणसानं लगेच विचारलं, नवस होता काय.

मंगळवार

शाळेत दोन जिने चढताना कठडा धरावा लागला. दुपारी ह्यांचा फोन. वर्कशॉपमधून, मागं लेथचा आवाज. पुढच्या सोमवारी गिरोलीच्या बाजूनं चढून बघायचं का? त्या अंगाला चढ कमी आहे असं एका गिऱ्हाइकानं सांगितलंय. मी म्हटलं, माझी रजा नाही. तर म्हणाले, मग तुझ्या शाळेचीच सहल काढ, पोहाळ्याला, मी येतो दाखवायला. मुख्याध्यापिकांना विचारते म्हटलं. त्या विचारतील, बसचा रस्ता लेण्यापर्यंत जातो का. जात नाही.